भुकेले मूळ आणि जागी होणारी बुरशी

१. जमिनीत स्फुरद असूनही पिकाला ते का मिळत नाही?

तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत सुपर फॉस्फेट टाकले तरी त्यातल्या स्फुरदाचा साधारण पाचवा हिस्साच पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला येतो. मग उरलेले स्फुरद कुठे जाते? आणि ज्या डोंगरउतारावर खताचे पोते कधी पोचत नाही, तिथे नाचणी आणि वरी तग कशी धरतात? हे दोन्ही प्रश्न कोकणातल्या शेतकऱ्यांना नेहमी पडतात, आणि दोन्हींच्या उत्तरात मुळाशी राहणारी एक बुरशी येते.

रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हे प्रश्न विशेष तीव्र आहेत. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे येते. तिच्या काठी, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सव गावाच्या परिसरात, सखल जमिनीवर भाताची खाचरे आहेत. काठ सोडून वर चढले की वरकस जमीन लागते. तिथे माती उथळ असते आणि नाचणी, वरी यांसारखी पिके घेतली जातात. या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. हजारो वर्षांच्या अशा पावसाने मातीतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे ठेवली. मातीचा तांबडा रंग लोहामुळे आहे.

स्फुरद अडकते ते याच लोह-ॲल्युमिनियममध्ये. आम्लधर्मी मातीत फॉस्फेटचे कण त्यांना घट्ट चिकटतात. त्यामुळे मातीत एकूण स्फुरद बरेच असले तरी पाण्यात विरघळलेले, मुळाला घेता येईल असे स्फुरद अगदी थोडे असते. नत्राचे नायट्रेट पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येते, पण स्फुरद जवळजवळ जागचे हलत नाही. मुळाने आपल्या लगतच्या मिलीमीटर-दोन मिलीमीटर मातीतले स्फुरद शोषले की तेवढा पट्टा रिकामा होतो आणि तो पुन्हा भरायला फार वेळ लागतो. पुढचे स्फुरद हवे असेल तर मुळालाच पुढे वाढावे लागते, किंवा पुढे पोचू शकणारा जोडीदार शोधावा लागतो.

२. जोडीदार कोण?

हा जोडीदार म्हणजे अर्बस्क्युलर मायकोरायझा या गटातली बुरशी. मायकोरायझा म्हणजे मूळ आणि बुरशी यांचे सहजीवन. ही संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये रूढ केली. सहजीवनाचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला अर्बस्क्युलर प्रकार सर्वांत जास्त पसरलेला असून जमिनीवरच्या वनस्पतींच्या सुमारे ७० टक्के जातींत तो आढळतो. भात, नाचणी, वरी, वाल, आंबा, काजू, जांभूळ या सगळ्यांना ही बुरशी चालते. पश्चिम घाट आणि गोव्यातल्या वनस्पतींच्या मुळांशी असलेल्या या बुरशींचा अभ्यास गोवा विद्यापीठात बर्नार्ड रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केला आहे.

ही जोडी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी येथे सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे दगडात जसेच्या तसे टिकलेले अवशेष सापडतात. त्यांच्या पेशींमध्ये याच गटातल्या बुरशीच्या नाजूक फांद्या दिसतात. त्या वनस्पतींना आजच्यासारखी खरी मुळे नव्हती. म्हणजे मुळे उत्क्रांत होण्याच्या आधीपासून वनस्पती आणि बुरशी एकमेकींच्या आधाराने जगत आहेत.

बुरशीचा उपयोग समजण्यासाठी एक सोपे गणित पुरेसे आहे. बारीक मुळाची जाडी ०.२ मिलीमीटर धरू. बुरशीच्या तंतूची जाडी ०.००४ मिलीमीटर, म्हणजे मुळाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी धरू. जाडी ५० पट कमी असेल तर तेवढ्याच लांबीसाठी लागणारा ऐवज ५० गुणिले ५०, म्हणजे २५०० पट कमी लागतो. १ सेंटीमीटर मूळ वाढवायला जेवढा ऐवज खर्च होतो, तेवढ्यात बुरशीचा २५ मीटर लांब तंतू तयार होऊ शकतो. शिवाय मूळ शिरू शकत नाही अशा मातीच्या बारीक भेगांत हा तंतू शिरतो आणि मुळापासून काही सेंटीमीटर दूरचे स्फुरद गोळा करतो.

बदल्यात बुरशीला अन्न हवे असते, कारण ती स्वतंत्रपणे जगू शकत नाही. तिचा बीजाणू मातीत रुजतो, थोडा तंतू काढतो आणि जवळपास मूळ सापडले नाही तर वाढ थांबवतो. मुळालाही बुरशी दिसत नाही. अंधाऱ्या मातीत दोघांनी एकमेकांना कसे ओळखायचे, हा पुढच्या भागांचा विषय आहे.

३. पहिला संदेश मुळाकडून

स्फुरद कमी पडू लागले की वनस्पतीची मुळे स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायने मातीत सोडतात. जपानमधल्या ओसाका येथील कोहकी आकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे दाखवून दिले. एका द्विदल वनस्पतीच्या मुळांतून त्यांनी हे रसायन वेगळे केले आणि बुरशीच्या रुजलेल्या तंतूजवळ ठेवले. एरवी सरळ वाढणाऱ्या तंतूला भराभर फांद्या फुटू लागल्या. त्यासाठी लागणारी मात्रा ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी होती. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या प्रयोगांतून हेही कळले की हे रसायन मिळाल्यावर बुरशीच्या पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेचा वेग तासाभरात वाढतो. तोवर जपून वापरलेला साठा बुरशी या संदेशानंतर खर्चायला काढते.

स्ट्रिगोलॅक्टोन मातीत फार काळ टिकत नाही. ते लवकर विघटित होते, आणि हीच त्याची खुबी आहे. फोडणीचा वास जसा स्वयंपाकघराजवळ भरून असतो, अंगण ओलांडले की विरतो, आणि वास येत असेल तर आत्ता, इथेच चूल पेटलेली आहे एवढे नक्की कळते, तसेच या रसायनाचे आहे. ते बीजाणूपर्यंत पोचले याचा अर्थ जिवंत मूळ अगदी जवळ आहे. आठवड्यापूर्वी मेलेल्या मुळाचा माग काढत बुरशी आपला साठा वाया घालवत नाही. तंतूला फुटलेल्या फांद्यांमुळे मुळाशी गाठ पडण्याची शक्यता वाढते.

मूळ हा संदेश सतत पाठवत नाही. पानांपासून मुळांपर्यंत सगळ्या पेशींत स्फुरदाच्या साठ्यावर लक्ष ठेवणारी प्रथिने असतात. स्फुरद भरपूर असेल तर ती सहजीवनाची जनुके दाबून ठेवतात. स्फुरद घटले की दाब सुटतो. मग स्ट्रिगोलॅक्टोन बनवणारी आणि बुरशीला ओळखणारी अशी दोन्ही प्रकारची जनुके कामाला लागतात.

भाताच्या खाचरात या रसायनाचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसतो. २००८ मध्ये फ्रान्स आणि जपानमधल्या दोन संशोधक गटांनी दाखवले की स्ट्रिगोलॅक्टोन वनस्पतीच्या आतही काम करते आणि नव्या फांद्यांना आवर घालते. भातात ते फुटव्यांना आवर घालते. हे रसायन बनवू न शकणारे भाताचे वाण बुटके राहतात आणि त्यांना फुटवे फार येतात. स्फुरद कमी असलेल्या खाचरात भाताला फुटवे कमी येतात, हे शेतकरी जाणतो. त्यामागे हेच रसायन आहे. टंचाईच्या काळात रोप एकाच रसायनाने वर फुटवे रोखते आणि खाली बुरशीला बोलावते. असलेले स्फुरद थोड्या फुटव्यांत वापरायचे आणि दुसरीकडून नवे आणायचे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

४. संदेश चोरून ऐकणारा टारफुला

स्ट्रिगोलॅक्टोन हे नाव स्ट्रायगा या परजीवी तणावरून आले. महाराष्ट्रात ज्वारीच्या शेतात हे तण टारफुला म्हणून ओळखले जाते. ते ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचा रस शोषते. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि मातीत अनेक वर्षे जिवंत राहते. एवढ्याशा बियाण्यात अन्नसाठा नसल्यासारखाच असतो. म्हणून यजमान मूळ अगदी जवळ असल्याची खूण पटल्यावरच ते रुजते. ही खूण म्हणजेच स्ट्रिगोलॅक्टोन.

हे रसायन पहिल्यांदा सापडले ते टारफुल्याच्या अभ्यासातूनच. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी कापसाच्या मुळांतून स्ट्रिगॉल वेगळे केले. स्ट्रायगाचे बी रुजवणारा पदार्थ म्हणून त्याची नोंद झाली. आपल्याच शत्रूला जागे करणारे रसायन वनस्पती कशासाठी बनवते, हे कोडे जवळजवळ ४० वर्षे सुटले नव्हते. २००५ च्या शोधाने त्याचे उत्तर मिळाले. रसायन बुरशीसाठी होते. टारफुल्याने ते ओळखण्याची क्षमता नंतर मिळवली.

यातून टारफुल्याच्या नियंत्रणाचा एक मार्ग दिसतो. जमिनीत स्फुरद आणि नत्र योग्य प्रमाणात असले की ज्वारीची मुळे हे रसायन कमी सोडतात आणि तणाचे बी कमी रुजते. हलक्या, उपाशी जमिनीत टारफुला जास्त माजतो, त्याचे एक कारण हे आहे. दुसरा मार्ग फेरपालटीचा. कापसासारख्या पिकाच्या मुळांमुळे टारफुल्याचे बी रुजते, पण त्याला चिकटायला योग्य यजमान मिळत नाही आणि ते मरते.

५. बुरशीचे उत्तर

मुळाचा संदेश मिळाल्यावर बुरशीही आपली रसायने सोडते. तिच्या पेशीभित्तिका कायटिन या पदार्थाच्या असतात. कायटिन ही साखरेसारख्या एककांची लांब साखळी असते. खेकड्याचे आणि कोळंबीचे कवचही याच पदार्थाचे असते. बुरशी या साखळीचे ४ किंवा ५ एककांचे छोटे तुकडे सोडते. काही तुकड्यांना मेदाची शेपटी जोडलेली असते. शेपटीवाले तुकडे फ्रान्समधल्या तुलूज येथील संशोधकांनी २०११ मध्ये ओळखले. बिनशेपटीच्या तुकड्यांचे काम इटलीतल्या तुरिन येथील गटाने २०१३ मध्ये दाखवले. बीजाणूंना स्ट्रिगोलॅक्टोनसारखे रसायन दिले की हे तुकडे जास्त बाहेर पडतात, असेही त्याच प्रयोगांत दिसले. म्हणजे मुळाचा संदेश आणि बुरशीचे उत्तर एकमेकांशी जोडलेले आहेत.

इथे एक अडचण उभी राहते. करप्यासारखे रोग आणणाऱ्या बुरशींच्या पेशीभित्तिकाही कायटिनच्याच असतात. मातीतल्या कायटिनचा प्रत्येक तुकडा मित्राचा मानला तर रोग आत शिरेल. प्रत्येक तुकडा शत्रूचा मानला तर जोडीदार बाहेर राहील. मग मूळ फरक कसा करते?

पेशीच्या आवरणावर काही प्रथिने असतात. ठरावीक रसायन त्यांना येऊन चिकटले की ती पेशीला तशी सूचना देतात. त्यांना ग्राही प्रथिने म्हणतात. भातात कायटिन ओळखणारे एक ग्राही प्रथिन दोन्ही कामांत भाग घेते. साधारण ८ एककांचा लांब तुकडा आला की ते एका साथीदार प्रथिनाबरोबर बचावाची यंत्रणा सुरू करते. ४ किंवा ५ एककांचे छोटे तुकडे आले की दुसऱ्या साथीदाराबरोबर सहजीवनाची यंत्रणा जागी करते. तुकड्याची लांबी, सोबत जोडलेले प्रथिन आणि रोपाची स्फुरदाची गरज यांवरून शेवटी कुठला मार्ग घ्यायचा ते ठरते. सुरुवातीला रोप थोडा बचाव दाखवतेच. सहजीवनाचा संदेश पुरेसा मिळाला की तो बचाव मावळतो.

सहजीवनाची सूचना पेशीकेंद्रकापर्यंत पोचते ती कॅल्शियमच्या लाटांमधून. केंद्रकात आणि त्याच्या भोवती कॅल्शियमचे प्रमाण ठरावीक लयीत वर-खाली होऊ लागते. तिथे असलेले एक प्रथिन ही लय ओळखते आणि बुरशीला आत घेण्यासाठी लागणारी जनुके चालू करते. बुरशीने मुळाला स्पर्श करण्याआधीच हे घडते. रसायन पोचले की तयारी सुरू होते.

६. भात, राब आणि धूर ओळखणारे प्रथिन

महाड-पोलादपूरच्या भातशेतीत राब भाजण्याची रीत जुनी आहे. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर कवळ, पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून ते जाळतात. उष्णतेने तणाचे बी मरते आणि राखेतून रोपाला पालाश व थोडे स्फुरद मिळते. जळालेल्या वनस्पतींच्या धुरात मात्र आणखी एक गोष्ट असते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा धुरातून बियाणे रुजवणारे एक रसायन वेगळे केले. त्या कुळातल्या रसायनांना पुढे कॅरिकिन हे नाव मिळाले. वणव्यानंतर रानात नवी रोपे दाटीने उगवतात, त्याचे एक कारण हे रसायन आहे.

भाताच्या पेशींत या कॅरिकिनशी जुळणारे एक ग्राही प्रथिन आहे. ते आणि स्ट्रिगोलॅक्टोनचे ग्राही प्रथिन एकाच कुळातले आहेत. २०१५ मध्ये केंब्रिज येथील उटा पाशकोव्स्की यांच्या गटाने दाखवले की हे प्रथिन नसलेला भात बुरशीला ओळखूच शकत नाही. बुरशी मुळाजवळ येते, पण मूळ काहीच प्रतिसाद देत नाही. तंतू मुळाला धड चिकटतसुद्धा नाही. पुढच्या अभ्यासात कळले की हे प्रथिन एका अडथळा आणणाऱ्या प्रथिनाला बाजूला सारते आणि त्यामुळे स्ट्रिगोलॅक्टोन बनवण्याची वाटही मोकळी होते.

यावरून राबाचा धूर बुरशीला बोलावतो, असा अर्थ काढू नये. धूर नसलेल्या कुंडीतही भाताचे हे प्रथिन आपले काम करते. वनस्पतीच्या आत तयार होणाऱ्या, धुरातल्या रसायनाशी साधर्म्य असलेल्या एखाद्या संकेतासाठी ते असावे, असे संशोधक मानतात. धुराने बी रुजणे आणि बुरशी ओळखणे या दोन्हींसाठी वनस्पतींनी एकच जुनी यंत्रणा वापरली आहे, एवढे मात्र स्पष्ट आहे.

७. आत प्रवेश आणि देवाणघेवाण

तंतू मुळाच्या पृष्ठभागावर पोचला की चपटा होऊन तिथे चिकटतो. पुढची वाट बुरशी फोडून काढत नाही, वनस्पती ती करून देते. चिकटल्यानंतर काही तासांत खालची पेशी आपले केंद्रक हलवते आणि पेशीच्या आरपार जाणारा एक मार्ग तयार ठेवते. तंतू त्या मार्गाने आत येतो. मुळाच्या आतल्या थरांतल्या पेशींत गेल्यावर तो बारीक बारीक फांद्यांमध्ये विभागतो आणि छोट्या झाडासारखी रचना तयार करतो. हिला वृक्षिका म्हणता येईल. अर्बस्क्युलर हे नाव या रचनेवरूनच आले आहे. रंगद्रव्याने मूळ निळे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की या रचना स्पष्ट दिसतात.

वृक्षिका पेशीत असली तरी पेशीद्रव्यात मिसळलेली नसते. वनस्पतीचे पातळ आवरण तिच्या प्रत्येक फांदीला वेढून असते. देवाणघेवाण या आवरणातून होते. बुरशीने दूरवरून आणलेले फॉस्फेट आत घेणारी खास वाहक प्रथिने या आवरणावर बसलेली असतात. भातात ती फक्त वृक्षिका असलेल्या पेशींतच तयार होतात. बदल्यात वनस्पती बुरशीला साखर आणि मेद देते. प्रकाशसंश्लेषणातून बनलेल्या अन्नाचा ४ ते २० टक्के भाग या मार्गाने बुरशीकडे जातो.

मेदाचा भाग तुलनेने अलीकडे उलगडला. या बुरशीच्या जनुकांत मेदाम्ले मुळापासून बनवणारी यंत्रणाच नाही. तरीही तिचे बीजाणू मेदाने भरलेले असतात. २०१७ मध्ये अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवले की हा मेद वनस्पतीकडून येतो. बुरशी मुळाशिवाय का जगू शकत नाही, याचे उत्तर यातून मिळाले.

हा व्यवहार सतत तपासला जातो. भातात एक वृक्षिका साधारण दोन-तीन दिवसच टिकते. मग ती विरते आणि शेजारच्या पेशीत नवी बनते. स्फुरद न देणारी वृक्षिका आणखी लवकर नष्ट केली जाते. २०११ मध्ये टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की वनस्पती जास्त स्फुरद देणाऱ्या बुरशीला जास्त अन्न देते, आणि बुरशीही जास्त अन्न देणाऱ्या मुळाला जास्त स्फुरद पाठवते. दोघांपैकी एकानेच घेत राहायचे, अशी सोय यात नाही. म्हणूनच हे नाते एवढा काळ टिकले.

८. संवाद कधी बंद पडतो?

चार कारणांनी हा संवाद मंदावतो किंवा थांबतो.

पहिले कारण जास्त स्फुरद. जमिनीत उपलब्ध स्फुरद भरपूर असले की मुळे स्ट्रिगोलॅक्टोन सोडत नाहीत आणि बुरशीला आत घेणारी जनुकेही गप्प राहतात. पोटभर मिळणाऱ्या रोपाला अन्न खर्च करून बुरशी सांभाळण्याची गरज उरत नाही.

दुसरे कारण साचलेले पाणी. बुरशीला श्वसनासाठी प्राणवायू लागतो. चिखलणी करून पाणी भरलेल्या खाचरात तो फार कमी असतो. त्यामुळे भाताच्या मुळांत बुरशीचे प्रमाण घटते. भाताच्या मुळांतल्या हवेच्या पोकळ्यांमुळे थोडी बुरशी तग धरते. रोपवाटिकेतल्या, पाणी न साचणाऱ्या जमिनीत किंवा थेट पेरलेल्या भातात तिचे प्रमाण अधिक असते. उतारावरच्या नाचणी-वरीला ही अडचण नसते, म्हणून वरकस जमिनीत हे सहजीवन जास्त भक्कम असते.

तिसरे कारण पीक. मोहरी, कोबी, मुळा यांचे कूळ आणि माठ, पालक यांचे कूळ सहसा या बुरशीशी नाते जोडत नाही. अशा पिकानंतर लगेच घेतलेल्या पिकाला सुरुवातीला बुरशी कमी मिळते.

चौथे कारण मातीची उलथापालथ. तंतूंचे जाळे नांगरटीने तुटते. बीजाणू आणि जाळे यांचा बहुतेक भाग मातीच्या वरच्या वीतभर थरात असतो. तो थर वाहून गेला की जोडीदारही जातो. २०२१ च्या जुलैत महाड आणि पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळल्या. अशा ठिकाणी उघड्या पडणाऱ्या खालच्या मातीत रोपे उभी राहायला जड जाते, त्याला ओलावा आणि सेंद्रिय पदार्थांच्या अभावाबरोबर बुरशीचा अभावही कारणीभूत असतो. तिथे गवते आणि कडधान्ये आधी उगवू दिली तर बुरशीचे जाळे पुन्हा बसायला मदत होते.

९. वालाच्या मुळाशी दोन पाहुणे

भाताची कापणी झाल्यावर रायगडच्या खाचरांत ओलाव्यावर वाल घेतला जातो. वालाच्या मुळाशी बुरशीबरोबर आणखी एक सोबती येतो, तो म्हणजे गाठी तयार करून हवेतला नत्र बांधणारा रायझोबियम जिवाणू. जिवाणूला बोलावण्यासाठी मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची वेगळी रसायने सोडते. पण जिवाणूकडून येणारे उत्तर ओळखीचे असते. तेही कायटिनसारख्या साखळीचे ४ किंवा ५ एककांचे तुकडे असतात आणि त्यांनाही मेदाची शेपटी असते. तुलूज येथील संशोधकांनी त्यांची रचना १९९० मध्ये उलगडली. बुरशीच्या तुकड्यांचा शोध त्यानंतर २१ वर्षांनी लागला आणि दोन्हींतले साम्य समोर आले.

आतली यंत्रणाही बरीचशी सामाईक आहे. कॅल्शियमच्या लाटा, त्या ओळखणारे प्रथिन आणि त्यापुढची काही जनुके दोन्ही सोबत्यांसाठी वापरली जातात. बुरशीचे नाते ४० कोटी वर्षांहून जुने आहे, तर गाठींचे सुमारे १० कोटी वर्षांचे. शेंगवर्गीय वनस्पतींनी बुरशीसाठी आधीच असलेला मार्ग पुढे जिवाणूंसाठी वापरला, असा निष्कर्ष यातून निघतो. गाठींना नत्र बांधण्यासाठी स्फुरद बरेच लागते. ते मिळवून देण्यात बुरशी मदत करते, म्हणून वालात हे दोन सोबती एकमेकांना पूरक ठरतात.

१०. शेतीसाठी याचा अर्थ

वरच्या सगळ्या माहितीतून काही व्यवहारी गोष्टी निघतात. स्फुरदाचे खत माती परीक्षणानुसार द्यावे. आम्लधर्मी जमिनीत ते सगळीकडे पसरण्यापेक्षा मुळांजवळ दिले तर लोह-ॲल्युमिनियमशी त्याचा संपर्क कमी येतो. गरजेपेक्षा जास्त स्फुरद दिले तर पैसा जातो आणि मुळे बुरशीला बोलावणे थांबवतात, असे दुहेरी नुकसान होते.

भातानंतर खाचर मोकळे ठेवण्याऐवजी वाल, चवळी, कुळीथ यांपैकी एखादे पीक घेतले तर पाणी ओसरलेल्या, हवा खेळणाऱ्या जमिनीत बुरशीला जिवंत मूळ मिळते आणि तिचे बीजाणू पुढच्या हंगामासाठी वाढतात. बांधावरचे गवत आणि झाडेही तिला वर्षभर आसरा देतात. वरकस जमिनीत कमी नांगरट आणि मिश्र पिके तिला मानवतात.

बाजारात मायकोरायझा किंवा व्हॅम या नावाने जिवाणू खतांबरोबर ही बुरशी विकत मिळते. ती रोपवाटिकेत किंवा लागवडीच्या खड्ड्यात, मुळाला लागेल अशी घालावी लागते. ती रासायनिक बुरशीनाशकाबरोबर मिसळू नये. आंबा-काजूची कलमे, निर्जंतुक केलेल्या मातीतली रोपे आणि वरचा थर गेलेली जमीन यांत तिचा फायदा जास्त दिसतो. जिथे स्थानिक बुरशी आधीच भरपूर आहे, तिथे बाहेरून आणण्यापेक्षा असलेली टिकवणे स्वस्त आणि खात्रीचे आहे.

तांबड्या मातीत अडकलेले स्फुरद मिळवण्याची वनस्पतींची ही पद्धत खतांच्या कारखान्यांहून आणि शेतीहूनही जुनी आहे. ती चालू राहण्यासाठी तीन गोष्टी लागतात: मुळाला थोडी टंचाई जाणवली पाहिजे, मातीत हवा खेळली पाहिजे आणि वर्षाचा मोठा भाग जमिनीत जिवंत मूळ असले पाहिजे. या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात आहेत.